जंजिऱ्यातला पडका वाडा कसा पाहावा

मुरुड-जंजिऱ्याला येणाऱ्या बहुतेक माणसांना किल्ल्यावर जेमतेम पाऊण तास मिळतो. तेवढ्या वेळात महादरवाजा, कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव उरकला जातो, आणि तलावाच्या दक्षिणेला उभा असलेला सुरूलखानाचा पडका वाडा पाठीमागे घेऊन छायाचित्र काढले की होडीची हाक येते. ज्या वास्तूत सिद्दी सत्ताधीशांचे रोजचे जगणे घडले, तीच वास्तू अशा रीतीने केवळ पार्श्वभूमीला उरते. मी अनेक वर्षे लहान लहान गट घेऊन या वाड्यापाशी जात आलो आहे, आणि छप्पर नसलेली, मजले गळून पडलेली ही इमारतही नीट पाहिली तर पुष्कळ काही सांगते, असा माझा अनुभव आहे. ती कशी पाहावी, कोणत्या खुणा शोधाव्यात आणि पाहताना तिला इजा कशी होऊ देऊ नये, एवढ्यापुरताच हा लेख आहे. तोफांविषयी आणि लढायांविषयी इतरत्र भरपूर लिहिले गेलेले असल्यामुळे त्यांचा उल्लेख येथे ओघात येईल तेवढाच येईल.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दाचा आपल्याकडे रुळलेला उच्चार आहे. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या या खडकावर पूर्वी कोळ्यांचा मेढेकोट होता आणि राम पाटील हा त्यांचा प्रमुख होता. निजामशाहीच्या पेरमखानाने तो कपटाने घेतला, आणि पुढे बुऱ्हाणखानाने १५६७ ते १५७१ या काळात लाकडी मेढेकोटाच्या जागी दगडी कोट बांधला. मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी सरदारांकडे सतराव्या शतकाच्या आरंभी आलेली ही जागा १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. छत्रपती शिवाजी महाराजांनी जवळच्याच कांसा खडकावर पद्मदुर्ग उभारला आणि संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये जंजिऱ्याला वेढा घातला, तरी किल्ला हाती आला नाही. ज्याच्या नावाने हा वाडा ओळखला जातो तो सुरूलखान अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतला सत्ताधीश होता. संस्थान गेल्यावर कोटातली वस्ती हळूहळू उठली, घरे ओस पडली, आणि वाडाही.

येथे एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. मुरुड गावात रिक्षावाल्याला ‘राजवाडा’ म्हणून सांगितले, तर तो अलिबागकडून येणाऱ्या रस्त्यालगतच्या टेकडीवरचा नवाबांचा राजवाडा दाखवील. ती एकोणिसाव्या शतकातली, अजून उभी असलेली आणि खाजगी मालकीची इमारत आहे. ती रस्त्यावरून पाहता येते, आत जाता येत नाही. आपल्याला पाहायचा आहे तो कोटाच्या आतला पडका वाडा, आणि त्यासाठी राजपुरीच्या धक्क्यावर जावे लागते. अलिबागहून मुरुडला एस. टी. आहे, श्रीवर्धन-दिवेआगरकडून येणाऱ्यांना दिघी-आगरदांडा जंगलजेटी, म्हणजे खाडी ओलांडणारी फेरीबोट, सोयीची पडते, आणि मुरुडहून राजपुरी रिक्षाने थोड्याच वेळात येते.

आधी खोकरीला जावे

माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की, वाडा पाहण्यापूर्वी राजपुरीजवळचे खोकरीचे घुमट पाहून यावेत. तेथे सिद्दी घराण्यातल्या तिघांच्या दगडी कबरी आहेत. दोन लहान घुमट सिद्दी कासीम ऊर्फ याकूतखान आणि खैरियतखान यांचे मानले जातात, आणि तिसरा, सर्वांत मोठा, सुरूलखानाचा. म्हणजे ज्याच्या नावाचा वाडा आपण पाहणार आहोत, त्याच माणसाची दुसरी इमारत येथे धडधाकट उभी आहे, आणि ती त्याने आपल्या हयातीतच बांधून घेतली असे सांगतात. पडक्या इमारतीत काय हरवले आहे हे कळण्यासाठी तिच्याच काळातली, तिच्याच घराण्याची न पडलेली इमारत शेजारी असणे हे मोठे भाग्य आहे. विजयदुर्गापासून वसईपर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर पडक्या राजवास्तूंना तोटा नाही, पण अशी जोडी क्वचितच सापडते.

खोकरीला पोहोचल्यावर घाईने आत शिरण्याऐवजी मोठ्या घुमटाभोवती एक प्रदक्षिणा घालावी आणि वहीत चार-पाच गोष्टी चित्ररूपाने उतरवून घ्याव्यात. भिंतीतल्या कमानी कशा आकाराच्या आहेत, म्हणजे टोकदार आहेत की पाकळ्यापाकळ्यांच्या महिरपी आहेत, हे पाहावे. भिंतीच्या वरच्या भागात पावसाचे पाणी भिंतीवरून ओघळू नये म्हणून काढलेला दगडी छज्जा कुठे आहे आणि त्याला खालून आधार देणारे घोडे कसे आहेत, हे पाहावे. दगडात कोरलेल्या जाळ्यांतून उजेड आत कसा येतो, आणि बाहेरून पाहताना इमारत किती मजल्यांची वाटते व आत गेल्यावर प्रत्यक्षात किती मजल्यांची निघते, याचीही नोंद करावी. बाहेरून दिसणाऱ्या कमानींच्या ओळी आणि आतले मजले यांचा मेळ असतोच असे नाही, हा धडा वाड्यासमोर उभे राहिल्यावर फार उपयोगी पडतो. या कबरी आहेत हे विसरू नये. आत जाताना पादत्राणे बाहेर काढावीत, हलक्या आवाजात बोलावे आणि कबरीला टेकून बसू नये.

कोरीव लेख समोर आला की त्यातले साल कसे काढायचे, हा प्रश्न गटातले कोणी ना कोणी विचारतेच. हिजरी वर्ष चांद्र असून ते सुमारे ३५४ दिवसांचे असते, त्यामुळे त्यात सरसकट ६२२ मिळवून चालत नाही. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवावेत, म्हणजे एखाद्या वर्षाच्या फरकाने इसवी सन मिळतो. हिजरी १००० याचे ९७० होतात, त्यात ६२२ मिळवले की १५९२ येते. प्रत्यक्षात ते वर्ष ऑक्टोबर १५९१ मध्ये सुरू झाले होते. दख्खनच्या कागदपत्रांत मात्र हिजरीऐवजी पुष्कळदा शुहूर सन भेटतो. तो मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात, आणि तो सौर असल्यामुळे त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की काम भागते. कोणता सन आहे हे ठरवल्याशिवाय बेरीज करू नये. दोन्हींत दहा-बारा वर्षांचा, प्रसंगी त्याहून अधिक, फरक पडतो, आणि तेवढ्या काळात सत्ताधीश बदललेला असतो.

पाणी आणि होडी

पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून ऑक्टोबर ते मे हाच काळ धरावा. त्यातही सकाळ चांगली, कारण दुपारनंतर वारा वाढतो आणि कोटाच्या पायऱ्यांशी होडी हेलकावू लागते. शुक्रवारी जायचे असेल तर दुपारच्या नमाजाच्या वेळी होड्या सुटतात की नाही हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे.

भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजी वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, याप्रमाणे. मग तो पक्ष शुद्ध असो वा वद्य. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पुरती ओहोटी येते. पाणी उतरलेले असताना महादरवाज्याच्या पायऱ्यांचा शेवाळलेला, कालवांच्या धारदार शिंपल्यांनी भरलेला भाग उघडा पडतो आणि उतरताना पाय घसरतो. म्हणून सकाळी जाणाऱ्यांनी दशमी ते त्रयोदशी असे दिवस निवडले तर पाणी भरलेले मिळते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, त्या वेळी पाण्याचा चढउतार थोडा असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मात्र लहान मुलांना आणि वृद्धांना घेऊन जाणे टाळावे.

होडीत बसण्यापूर्वी एक गोष्ट तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाशी, बोलून ठेवावी, नाहीतर बाकीची सारी तयारी वाया जाते. “तांडेलकाका, आम्हांला वाड्यापाशी जास्त वेळ हवा आहे. नंतरच्या होडीने परतलो तर चालेल का?” असे मी विचारतो. “चालेल, पण शेवटच्या होडीच्या आधी दरवाज्यात येऊन उभे राहा,” असे उत्तर बहुधा मिळते. गर्दीच्या दिवशी, म्हणजे शनिवार-रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत, हे जमत नाही. म्हणून मंगळवार-बुधवारसारखा दिवस काढावा. वाड्याला निदान दीड तास द्यावा लागतो.

सोबत कापडी मोजपट्टी, होकायंत्र, चौकटीचा कागद, पेन्सिल, लहान विजेरी, पिण्याचे पाणी आणि पकड घेणारी पादत्राणे असावीत. एका हलक्या पट्टीवर वीतभर अंतराने काळे-पांढरे पट्टे रंगवून ती बरोबर ठेवली तर छायाचित्रात मापासाठी उभी करता येते. एवढे पुरते.

वाड्यासमोर

महादरवाज्याच्या भिंतीवर पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेल्या वाघासारख्या पशूचे शिल्प आहे. ते पाहून आत शिरावे, आणि पीरपंचायतन म्हणजे पाच पिरांच्या स्थानाजवळून बाहेर आले की डाव्या हाताला तीन मजली पडकी इमारत दिसते. तोच वाडा. पहिली दहा मिनिटे जवळ जाऊच नये. तलावाच्या काठावर अशी जागा शोधावी की जिथून भिंतीचा तळ आणि माथा दोन्ही एका नजरेत मावतील, आणि तेथे बसून भिंतीची बाह्यरेषा कागदावर काढावी. चित्र सुंदर यावे अशी अपेक्षा नाही. डोळ्याला जे दिसते ते हाताने काढताना आपण जिथे अडखळतो, तिथेच पाहण्यासारखे काहीतरी असते.

त्यानंतर मजले मोजावेत, आणि ते खिडक्यांवरून नव्हे तर तुळयांच्या भोकांवरून मोजावेत. आपल्या जुन्या घरांत माडी जशी तुळयांवर आणि कडीपाटावर तोललेली असते, तशीच येथेही लाकडी जमीन भिंतीत रोवलेल्या तुळयांवर असणार. लाकूड कुजून किंवा निघून गेल्यावर भिंतीत तुळयांच्या टोकांची चौकोनी भोके एका ओळीत उरतात. अशी आडवी ओळ दिसली की तिच्यावर एका मजल्याची जमीन होती असे समजावे. भोके मोठी आणि लांब लांब असतील तर त्या मुख्य तुळया, आणि लहान व दाट असतील तर त्या कड्या. दोन मुख्य भोकांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि खणांची संख्या मोजली की दालनाची लांबी पट्टी न लावताही सांगता येते. भोकांच्या ओळीऐवजी भिंतीला आतल्या बाजूने पायरीसारखी कड आलेली दिसली, तर तीही मजल्याचीच खूण असते, कारण वरच्या मजल्याची भिंत खालच्यापेक्षा पातळ बांधण्याची रीत होती आणि त्या कडेवर तुळयांची टोके टेकवता येत असत. भोकांची ओळ आणि कड या दोन्ही खुणा एकाच उंचीवर जुळल्या तर शंका उरत नाही.

उंची मोजण्यासाठी भिंतीवर चढण्याचे कारण नाही. पायथ्याशी एखाद्या थराची उंची मापून घ्यावी आणि वरपर्यंतचे थर मोजून गुणाकार करावा. थर असमान असतील तर दहा थरांची उंची मापून सरासरी काढावी. पट्टे रंगवलेली काठी भिंतीलगत उभी करून दुरून छायाचित्र घेतले, तर घरी आल्यावर हाच हिशेब तपासता येतो.

आता दारांकडे वळावे. दाराच्या चौकटी आणि फळ्या नाहीशा झाल्या तरी आगळ सरकवण्याचे खोल भोक भिंतीत राहते. कोकणातल्या कोणत्याही जुन्या घरात वाढलेल्या माणसाला आगळ काय असते हे सांगावे लागत नाही. दार आतून बंद होते, त्यामुळे आगळीचे भोक ज्या बाजूला असेल ती बाजू ‘आतली’, हे निश्चित होते. या एका खुणेवरून वाड्याचा सार्वजनिक भाग आणि खाजगी भाग यांची सीमा शोधता येते. राजवाड्यांत मर्दाना म्हणजे भेटीगाठींचा, कारभाराचा भाग पुढे आणि जनाना मागे असे; दोहोंच्या मध्ये सरळ आरपार दार न ठेवता वळण घेऊन जाणारी वाट ठेवण्याची पद्धत होती, जेणेकरून बाहेरच्या माणसाची नजर थेट आत पोहोचू नये. एखाद्या दारातून आत पाहिल्यावर समोर कोरी भिंत येत असेल आणि खरी वाट डावी-उजवीकडे वळत असेल, तर तेथे थांबून आगळीची भोके कोणत्या बाजूला आहेत ते पाहावे. एका गटातली शाळकरी मुलगी हे ऐकल्यावर प्रत्येक दाराची भोके तपासत गेली आणि तिने आपल्या वहीत ‘येथून पुढे पाहुण्यांना मनाई’ अशी रेघ ओढली. वाड्याच्या भिंती पाहण्याची याहून चांगली रीत मला सांगता येणार नाही.

कोनाड्यांकडे असेच लक्ष द्यावे. जमिनीपासून बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवरचे कोनाडे आणि उभ्या माणसाच्या डोक्यावरचे कोनाडे यांचे काम वेगळे असते. बैठकीच्या दालनात लोक खाली गालिच्यावर बसत, म्हणून वस्तू ठेवण्याचे कोनाडे खाली असतात. दिव्यासाठीची दिवळी वर असते आणि तिच्या माथ्यावर काजळीचा डाग कधी कधी अजून दिसतो. खालून तीन-चार मीटर उंचीवर, आज जिथे पोहोचणेच शक्य नाही तिथे, बसण्याच्या मापाचे कोनाडे दिसले, तर ते वरच्या मजल्याच्या बैठकीचे आहेत असे समजून तुळयांच्या भोकांशी ताळा करून पाहावा.

कमानी पाहताना खोकरीची वही उघडावी. तेथे जो आकार काढून आणला तोच येथे दिसतो का, की येथली कमान साधी टोकदार आहे? कमानीच्या माथ्यावरचा दगड शाबूत आहे का, आणि कमानीवरच्या भिंतीला तिरकी चीर गेली आहे का, हेही पाहावे. कमान हे बांधकाम आपल्याच वजनाने घट्ट राहते, पण तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींनी तिचा रेटा अडवून धरला तरच. बाजूची भिंत पडली की कमान पसरते आणि माथ्याचा दगड खाली सरकतो. म्हणून टोकाची, एका बाजूने उघडी पडलेली कमान सर्वांत धोक्याची असते. अशा कमानीखाली उभे राहून छायाचित्र काढू नये.

भिंतीवर जिथे गिलावा उरला आहे तिथे तिरप्या उजेडात, म्हणजे सकाळी किंवा विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून धरून, पाहावे. चुन्याचा गिलावा थरांत केलेला असतो. खालचा थर जाड आणि भरड, वरचा पातळ आणि घोटलेला. जुन्या गिलाव्यावर नवा बसावा म्हणून त्याला छिन्नीने टाचे मारलेले दिसले, तर त्या दालनाची निदान एकदा दुरुस्ती झाली होती हे कळते. करड्या रंगाचा, कडक, चकाकी नसलेला लेप दिसला तर तो सिमेंटचा म्हणजे अलीकडचा असतो. कोटाच्या तटाकडे मान वळवून त्याचीही तुलना करावी. समुद्राच्या बाजूला काही ठिकाणी काळ्या दगडाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पडली आहेत, आणि समोरच्या पद्मदुर्गावर तर दगड झिजून आत गेला असून सांध्यांतला चुना बाहेर डोकावत उभा आहे. खारे पाणी दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते, ऊन लागले की पाणी उडते, मागे राहिलेल्या मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण कण ढकलून पाडतात. त्या जुन्या चुन्याची ताकद किती होती, हे त्यावरून समजते.

मग वाडा का पडला, असा प्रश्न येथे पडायला हवा, आणि त्याचे उत्तर समुद्रापेक्षा पावसात आहे. लाकडी मजले केवळ चालण्यासाठी नसतात. ते समोरासमोरच्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतात. वस्ती उठली, छप्पर गळले, तुळया कुजल्या, आणि उंच भिंती एकट्या उभ्या राहिल्या. या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. छप्पर असताना तो भिंतीच्या माथ्यावर कधीच पडत नव्हता. आता तो थेट माथ्यातून आत उतरतो, आतला चुना धुऊन नेतो, आणि पाखरांनी टाकलेल्या वड-पिंपळ-उंबराच्या बिया त्या ओलाव्यात रुजतात. भिंतीचा माथा पाहिला की ही सारी साखळी एकत्र दिसते.

वाड्याच्या उत्तरेचा षटकोनी तलाव वाड्याचाच भाग समजून पाहावा. त्याचा व्यास सुमारे वीस मीटर आहे आणि चार बाजूंना चार हौद आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी असताना या तलावात गोडे पाणी कसे, याचे आश्चर्य सगळे करतात. त्याबरोबर वाड्याचे पाणी कुठून येत होते आणि सांडपाणी कुठे जात होते, हा प्रश्नही विचारावा. भिंतीच्या तळाशी उताराने बाहेर जाणारी मोरी, छतावरचे पाणी टाकणारे पन्हळ, भिंतीत बसवलेली खापरी नळी यांपैकी काहीही सापडले तर ते नकाशावर मांडावे. पाण्याची वाट सापडली की स्वयंपाकघर, न्हाणी आणि शौचकूप कोणत्या अंगाला होते याचा अंदाज येतो, आणि राजवाडा म्हणजे केवळ सिंहासनाची जागा नव्हे हे लक्षात येते.

शेवटी होकायंत्र काढावे. कोटातल्या मशिदीचा मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, पश्चिमेकडे असतो. कोकणातून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलून येते. मशिदीची दिशा मोजून घ्यावी आणि वाड्याच्या लांब भिंतीची दिशा तिच्याशी ताडून पाहावी. मग तलावाच्या बाजूच्या पायऱ्यांनी बालेकिल्ल्याकडे चढावे आणि सदरेच्या अवशेषांपाशी उभे राहून खाली पाहावे. तेथून वाडा, तलाव, मशीद आणि महादरवाज्याची वाट यांचे परस्परांशी असलेले नाते एका नजरेत दिसते, आणि खाली काढलेला नकाशा कुठे चुकला हेही कळते. माझा दर वेळी कुठेतरी चुकलेला असतो.

सांगोवांगी आणि भिंत

वाडा सात मजल्यांचा होता, असे सांगणारे वाटाडे भेटतात. कोटापासून राजपुरीपर्यंत समुद्राखालून भुयार आहे, असेही सांगितले जाते. या माणसांचा अनादर करू नये; त्यांपैकी कित्येकांच्या घरची मागची पिढी याच कोटात राहिलेली असते, आणि कोणत्या चौकात कोणाचे घर होते, मोहरमला ताबूत कुठून निघत, हे तेच सांगू शकतात. अशी माणसे भेटली तर “चाचा, तुमच्या आजीच्या वेळी वाड्यात कोण राहायचे?” असे विचारावे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. मात्र वहीची दोन पाने वेगळी ठेवावीत: एका पानावर ऐकलेले, दुसऱ्यावर स्वतः मोजलेले. उभ्या भिंतींवर तीन मजले दिसतात, आणि सात मजल्यांची कथा हा त्या वाड्याच्या उंचीने लोकांच्या मनावर केलेला परिणाम आहे. दोन्ही नोंदण्यासारखे आहे, फक्त एकाच पानावर नाही.

हात कुठे लावू नये

जंजिरा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचे स्मारक आहे. अशा स्मारकाची नासधूस केल्यास कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु नासधूस हा शब्द ऐकून आपल्याला भिंतीवर नाव कोरणारा माणूस आठवतो, आणि चांगल्या हेतूने केलेली इजा लक्षात येत नाही. एकदा आमच्या गटातल्या एका उत्साही गृहस्थांनी भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप ‘भिंत वाचावी’ म्हणून ओढून काढले. रोपाबरोबर मुळांनी धरून ठेवलेला दगड निखळला, आणि त्यामागून चुन्याची भुकटी बराच वेळ गळत राहिली. मूळ हे भिंत फोडते तसेच फुटलेल्या भिंतीला काही काळ धरूनही ठेवते. ते काढण्याचे काम खात्याच्या माणसांनी, भिंतीत चुना भरत भरत करायचे असते. तेव्हापासून मी गटाला पहिल्याच पायरीवर सांगतो की भिंतीला बोटही लावायचे नाही, गिलाव्यावर खडूने खूण करायची नाही, पडलेला दगड उचलून दुसरीकडे ठेवायचा नाही. पडलेला दगड जिथे पडला तिथेच राहिला, तर तो कोणत्या कमानीचा होता हे जाणकाराला कधीतरी सांगता येईल.

छायाचित्रे काढताना एक शिस्त पाळावी. तलावाच्या काठावरची आपली जागा, जवळच्या एखाद्या कायमच्या खुणेपासून किती पावलांवर आहे ते वहीत लिहावे, होकायंत्राची दिशा लिहावी, तारीख आणि वेळ लिहावी, आणि त्या जागेवरून संपूर्ण भिंतीचे एक छायाचित्र काढावे. मग मजल्यागणिक, डावीकडून उजवीकडे, एकमेकांत थोडी मिसळणारी छायाचित्रे घ्यावीत. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये. राजपुरीला परतल्यावर धक्क्यावरच चहा घेत घेत त्याच दिवशी नकाशा पुन्हा स्वच्छ काढावा, कारण दुसऱ्या दिवशी कोणती भोके मोठी होती आणि कोणती लहान, हे आठवत नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा संपून होड्या सुरू झाल्या की त्याच जागेवर, त्याच दिशेला, त्याच वेळी उभे राहून तेच छायाचित्र पुन्हा काढावे आणि दोन्ही शेजारी ठेवावीत. माझ्याकडच्या अशा एका जोडीत वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीची कमान पहिल्या वर्षी आहे आणि दुसऱ्या वर्षी तिथे आकाश आहे.